आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञानाचा पहिला वर्ग: नाशिकमध्ये बारा रविवारांत कसा घ्यायचा

सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या रिकाम्या खोलीत किंवा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी प्रयोगांचा वर्ग सुरू करायचा असेल, तर पहिला मोह आवरावा लागतो तो ज्वालामुखीचा. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात, पालक फोटो काढतात. पण मुलांच्या हातात काहीच उरत नाही, कारण कोणी काही मोजलेलं नसतं. आठवी-नववीतल्या मुलाला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या येतात. आपण घेतलेलं माप किती खरं, हे मात्र त्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून या वर्गाचा कणा मोजमाप हाच आहे. पुढचे सगळे प्रयोग त्याच हिशेबाने निवडले आहेत.

वेळ, जागा, मुलं

जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे बारा रविवार घ्या. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असतात आणि मे महिन्यात निम्मी मुलं गावाला जातात. शिवाय या काळात बाजारात द्राक्षं असतात, त्यांचा आपल्याला दोनदा उपयोग आहे. वेळ साडेदहा ते एक. शेवटचा अर्धा तास दर वेळी उन्हात, सावली मोजायला. त्याचं कारण पुढे येईलच.

मुलं चोवीस, चार-चारचे सहा गट. पाच जणांचा गट केला की पाचवा नुसता बघत बसतो, आणि तो बहुधा प्रत्येक रविवारी तोच असतो. चौघांची कामं ठरवून द्या: एक जण उपकरण हाताळेल, एक वाचन घेईल, एक लिहील, एक तपासेल. दर आठवड्याला कामं फिरवा. मुली आणि मुलं एका गटात असतील तर वही आपोआप मुलीकडे आणि तारा मुलाकडे जातात, तिथे लक्ष ठेवा.

खोलीत पाण्याचा नळ जवळ हवा, दोन दारं हवीत आणि टेबलं हलणारी नकोत. प्रोजेक्टरवर काही अवलंबून ठेवू नका. वीज गेली तरी वर्ग चालला पाहिजे. फळा पुरे.

नाशिकमधल्या वर्गात मराठी माध्यम, सेमी आणि इंग्रजी माध्यम अशी तिन्ही मुलं एकत्र येतात. फळ्यावर 'घनता' लिहिलं की शेजारी 'डेन्सिटी'ही लिहा, 'आकारमान'च्या शेजारी 'व्हॉल्यूम'. दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी दिसले की कोणी मागे पडत नाही.

सामान

बहुतेक सामान मेन रोड, रविवार कारंजा आणि भद्रकाली भागातल्या दुकानांत मिळून जातं. सहा गटांसाठी यादी अशी: स्टीलच्या ३० सेंटिमीटरच्या फूटपट्ट्या सहा, शिंप्याच्या टेप सहा, मेडिकलमधून १० मिलिलिटरच्या सिरिंज बारा (सुया नकोत), १ ग्रॅमपर्यंत वाचणारे स्वयंपाकघरातले डिजिटल वजनकाटे तीन, शून्य ते ११० अंशांचे अल्कोहोलचे थर्मामीटर सात. सातवा थर्मामीटर फुटणाऱ्यासाठी. पाऱ्याचा थर्मामीटर वर्गात आणूच नका. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याची पट्टी ३५ ते ४२ अंशांपुरतीच असते.

विजेसाठी मोठे १.५ व्होल्टचे साधे झिंक-कार्बन सेल अठरा आणि वर सहा जादा. अल्कलाइन सेल मुद्दाम टाळा. सेलची दोन्ही टोकं चुकून नुसत्या तारेने थेट जोडली गेली तर त्यांतून जास्त प्रवाह येतो आणि बोटं भाजतात. मोबाइलची बॅटरी आणि पॉवर बँक यांना तर हातही लावायचा नाही. लाल एलईडी तीस, १०० ओहमचे रेझिस्टर तीस. टॉर्चचे जुने बल्ब आता शोधावे लागतात, त्यामुळे एलईडीवरच बेत आखा. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून २६ गेजची तांब्याची तार घ्या. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये विचारलंत तर लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ यांचे कापून उरलेले तुकडे मिळू शकतात. घनतेच्या प्रयोगाला त्यांच्यासारखं काही नाही. कडा तीक्ष्ण असतात, आधी कानस फिरवून घ्या.

सुरक्षेचे नियम मोजकेच सांगा, पण त्यांत सवलत देऊ नका. भिंतीतल्या प्लगला कोणी काही जोडायचं नाही. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही. वर्गात काहीही चाखायचं नाही, साखरेचं पाणीसुद्धा. घरातला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरिन वायू निघतो. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्या, कारण ती घरी जाऊन 'प्रयोग' करणारच आहेत. भाजलं तर निदान दहा मिनिटं नळाखाली गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

वही

प्रत्येक प्रयोगाला चार गोष्टी: आधीचा अंदाज, काय केलं, काय मोजलं, काय बिनसलं. अंदाज पेनने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. 'फेअर वही' ठेवूच नका. फेअर करताना मुलं पुस्तकातलं उत्तर लिहितात आणि स्वतःचं वाचन गाळतात. एका चौकटीत सगळे आकडे, चुकलेलाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

पहिला रविवार: एकच टेबल, चोवीस मापं

एका टेबलाची लांबी प्रत्येकाला मोजायला सांगा, मिलिमीटरपर्यंत, दुसऱ्याला न दाखवता. सगळी मापं फळ्यावर एका ओळीवर ठिपक्यांनी मांडा. ठिपके एका जागी येत नाहीत, पसरतात. सेंटिमीटरभराचा फरक सहज निघतो. 'खरं माप कोणतं?' असं विचारा आणि गप्प बसा. पाच मिनिटं चर्चा होऊ द्या. बारा रविवारांतली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं आहेत.

मग कारणं शोधायची. शिंप्याची जुनी टेप ताणली गेलेली असते, ती स्टीलच्या पट्टीला लावून बघा. लाकडी पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १ सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी १ वजा करायचा. हा वजा करायला विसरलेला एक जण दर वर्गात असतोच, त्याचा ठिपका बरोबर एक सेंटिमीटर लांब पडतो. नजर तिरकी असेल तर खूण सरकते. ज्याचं चुकलं त्याला हसू द्यायचं नाही. त्याच्या ठिपक्यामुळेच कारण सापडलं, हे मोठ्याने सांगा.

उरलेल्या वेळात कागदाची जाडी. एका कागदाची जाडी फूटपट्टीने मोजता येत नाही, पण १०० कागदांची गठ्ठी येते. झेरॉक्सच्या ७५ जीएसएम कागदाची गठ्ठी साधारण १ सेंटिमीटर भरते, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. गठ्ठी दाबून धरायची, नाहीतर हवा मोजली जाते. तसंच सिरिंजमधून १ मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने सोडून थेंब मोजायचे. लहान गोष्ट मोजायची तर ती पुष्कळदा घ्यायची आणि भागायचं, ही युक्ती पुढच्याच रविवारी कामी येते.

दुसरा रविवार: लंबक

शिवणकामाचा पक्का दोरा आणि एक जड नट. लोकर किंवा सुतळी नको, ती ताणते आणि पीळ सुटून नट गिरक्या घेतो. दोरा टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावला तर आधारच हलतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोरा पकडून वर वजन ठेवा.

लांबी मोजायची ती पट्टीच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत. गाठीपर्यंत मोजली की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी भरते. झोका लहान ठेवा: १ मीटर दोऱ्याला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त बाजूला ओढू नका. २० झोक्यांचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने घ्यायचा. बटण दाबायला माणसाला सेकंदाचा काही भाग लागतो. एकाच झोक्याला ती चूक मोठी ठरते, वीस झोक्यांत ती वाटली जाते.

नाशिकमध्ये यायला हवेत ते आकडे: २५ सेंटिमीटरला वीस झोके सुमारे २०.१ सेकंद, ५० सेंटिमीटरला २८.४, १०० सेंटिमीटरला ४०.२. मुलांना हे आधी सांगू नका, तुमच्या चिठ्ठीत ठेवा. एखाद्या गटाचं उत्तर ३८.२ च्या आसपास आलं तर चूक लगेच ओळखता येते. घड्याळ सुरू करताना त्यांनी 'एक' म्हटलं, त्यामुळे प्रत्यक्षात एकोणीसच झोके मोजले गेले. सोडताना 'शून्य' म्हणायचं. नट परत त्याच बाजूला आला की 'एक'.

त्यानंतर दोन नट लावून बघा. बहुतेक मुलांनी 'जड नट लवकर येईल' असा अंदाज लिहिलेला असतो. वेळ बदलत नाही. इथे एक खाच आहे: दुसरा नट पहिल्याच्या खाली लटकवला तर वजनाचा मध्य खाली जातो, लांबी वाढते आणि वेळ खरोखर थोडा वाढतो. मग वर्ग चुकीचा निष्कर्ष काढतो. दोन्ही नट एकाच उंचीवर शेजारी-शेजारी बांधा.

आलेखात लांबी आणि वेळ मांडले की रेषा वाकते. वेळेचा वर्ग घेऊन मांडला की सरळ होते. नववीच्या मुलांना हे करू द्या, आठवीच्या मुलांनी एवढंच पाहिलं तरी चालेल की लांबी चौपट केली तेव्हा वेळ दुप्पट झाला.

तिसरा रविवार: घनता, वजनकाट्यावर

पाणी सांडण्याच्या भांड्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यात थेंब नळीच्या तोंडाशी अडकतो आणि लहान वस्तूला ते दोन-तीन मिलिलिटर महाग पडतात. त्याहून चांगली पद्धत आहे. प्लास्टिकचं अर्धं भरलेलं भांडं वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करायचा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायची. तळाला किंवा बाजूला टेकू द्यायची नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके मिलिलिटर वस्तूचं आकारमान. पाणी वस्तूला वर ढकलतं, तितक्याच जोराने वस्तू पाण्याला खाली ढकलते, आणि काटा तो जोर दाखवतो. हे कारण मुलांना पटायला वेळ लागतो. बोट बुडवून बघायला सांगा: बोट तळाला लागलेलं नाही, तरी काटा हलतो.

चूक होते ती तीन ठिकाणी. वस्तू तळाला टेकली की आकडा एकदम वाढतो. वस्तूला बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त भरतं, म्हणून आत हलकेच झटकायची. आणि वस्तू फार लहान असेल तर १ ग्रॅमच्या काट्यावर उत्तर बेभरवशाचं येतं. ५ मिलिलिटरच्या बोल्टला एका ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्के. निदान ३० मिलिलिटर आकारमानाचे तुकडे घ्या, किंवा सहा बोल्ट एकत्र बांधा.

ॲल्युमिनियमचं उत्तर २.७ च्या जवळ, लोखंडाचं ७.८, पितळेचं साडेआठच्या आसपास. अंगणातला काळा दगडही घ्या. हा बेसॉल्ट, पांडवलेणी याच दगडात कोरलेली आहेत. घट्ट तुकड्याची घनता २.८ ते ३ येते, छिद्रं असलेल्या तुकड्याची कमी. छिद्रांचा दगड पाण्यात ठेवल्यावर बुडबुडे सोडत राहतो आणि आकडा हळूहळू बदलतो. त्या दगडाची 'खरी' घनता कोणती, छिद्रांसह की छिद्रांशिवाय, हा प्रश्न वर्गावर सोडा.

चौथा रविवार: द्राक्षात साखर किती

हा प्रयोग फेब्रुवारीत घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांच्या घरी रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो आणि 'ब्रिक्स' हा शब्द त्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम साखर. तोच आकडा आपण चार ग्लासांवर काढणार आहोत. तत्त्व सोपं: मणी ज्या साखरपाण्यात ना धड बुडतो ना धड तरंगतो, त्या पाण्याची घनता आणि मण्याची घनता जवळपास सारखी.

१. चार द्रावणं करा, प्रत्येकी २०० ग्रॅम. १० टक्क्यांसाठी २० ग्रॅम साखर आणि १८० ग्रॅम पाणी. १५ साठी ३० आणि १७०. २० साठी ४० आणि १६०. २५ साठी ५० आणि १५०.

२. साखर पूर्ण विरघळू द्या आणि द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की मगच वापरा. गरम पाण्यात विरघळवलं असेल तर अर्धा तास थांबा, कारण गरम द्रावणाची घनता कमी असते.

३. मणी ओढून तोडू नका, देठाच्या जागी भोक पडतं आणि रस गळतो. कात्रीने कापा, दोन मिलिमीटर देठ राहू द्या. मणी धुऊन पुसा. सालीवरच्या पांढऱ्या, मेणासारख्या थराला हवेचे बुडबुडे चिकटतात.

४. मणी आधी १० टक्क्यांत सोडा, मग पुसून १५, २०, २५. प्रत्येक ग्लासात चमच्याने बुडवून सोडा आणि दहा सेकंद बघा.

५. १५ मध्ये बुडाला आणि २० मध्ये वर आला, तर साखर त्या दोघांच्या मध्ये. मग १७, १८, १९ टक्क्यांची द्रावणं करून जाळं आवळा.

सर्वांत जास्त बिघडतं ते पहिल्याच पायरीवर. मुलं २०० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम साखर टाकतात आणि त्याला १० टक्के म्हणतात. ते ९.१ टक्के होतं. २५ टक्क्यांसाठी २०० मध्ये ५० टाकली तर चक्क २० टक्के. हा घोळ आधीच टाळू नका. एका गटाने केला की सगळा वर्ग थांबवा आणि फळ्यावर हिशेब मांडा. शेकडेवारीतला 'कशाचे टक्के' हा प्रश्न गणिताच्या तासाला इतका नेमका कधी समोर येत नाही.

एका मण्यावर थांबू नका. एकाच घडाच्या वरच्या खांद्याचे दहा आणि टोकाचे दहा मणी वेगळे तपासा, वहीत ठिपके मांडा. बागेत साखर तपासताना एकाच मण्याचा रस का घेत नाहीत, हे त्या ठिपक्यांतून दिसतं. कोणाच्या घरून रिफ्रॅक्टोमीटर आला तर त्याच मण्याचा रस काढून पडताळा. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळणार नाहीत, कारण मण्यात साल आहे, आम्लं आहेत, कधी बी आहे. एक-दोन टक्क्यांत जुळली तर प्रयोग उत्तम झाला. वर्ग संपताच टेबलं ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढच्या रविवारी मुंग्या आधी येऊन बसलेल्या असतील.

पाचवा रविवार: उकळतं पाणी ९८ का दाखवतं

थर्मामीटर आधी तपासायचा. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून, ढवळून, तीन मिनिटांनी वाचन घ्या. स्वस्त थर्मामीटर १ किंवा २ दाखवू शकतो. तो आकडा त्या थर्मामीटरवर कागदी चिठ्ठीने लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वाचनातून वजा करा. मग पाणी उकळून बघा. थर्मामीटरचा खालचा फुगा भांड्याच्या तळाला लावायचा नाही, वाफेच्या भपकाऱ्यात हात न्यायचा नाही, आणि शेगडीजवळ मोठं माणूस उभं हवं.

पुस्तकात १०० असतं, इथे ९८ च्या आसपास येतं. मुलं थर्मामीटरला दोष देतात. बर्फात तपासलेला असल्यामुळे तो दोष आता सहज देता येत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी आहे आणि साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. साल्हेरच्या माथ्यावर, १५६७ मीटरवर, तो ९५ च्या जवळ असेल. 'तिथे डाळ शिजायला वेळ का लागेल?' हा प्रश्न घरी न्यायला द्या.

अजून थंडी असेल तर थिजलेली खोबरेलाची बाटली आणा. ती २४-२५ अंशांच्या आसपास वितळते. वितळत असताना थर्मामीटर बराच वेळ जवळजवळ एका जागी थांबतो, तो थांबा आलेखावर दिसला पाहिजे.

वीज आणि चुंबक, दोन रविवार

एका सेलवर लाल एलईडी लागत नाही. तिला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, सेल १.५ चा. मुलांना आधी एकच सेल द्या आणि अपयश येऊ द्या. दोन सेल एकसर जोडले, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घातला, एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे केला की ती लागते. नाही लागली तर याच क्रमाने तपासा: पाय उलटे आहेत का, दोन सेल एकमेकांविरुद्ध तोंड करून आहेत का, तारेचा प्लास्टिकचा थर सोलला आहे का, चिकटपट्टी सेलच्या टोकावर आली आहे का. हा क्रम फळ्यावर राहू द्या. 'सर, लागत नाही' म्हणणाऱ्याला फक्त फळ्याकडे बोट दाखवा.

विद्युतचुंबकासाठी तीन इंची साधा खिळा, काँक्रीटचा नाही. तो कडक पोलादाचा असतो आणि चुंबकत्व धरून ठेवतो. वाइंडिंगच्या तारेवर पारदर्शक लेप असतो, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. प्रयोग न चालण्याचं पहिलं कारण हेच निघतं. जोडणी एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही.

आता ५० वेढ्यांनी किती टाचण्या उचलल्या जातात आणि १०० ने किती, याची तुलना. इथे बहुतेक वर्ग नकळत फसतात. ५० वेढ्यांना तार कमी लागते, तार कमी म्हणजे रोध कमी, म्हणून प्रवाह जास्त. एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या. दोन्ही वेळी तीन मीटरचीच तार वापरा, उरलेली खिळ्यापासून दूर सैल ठेवा. आणि सेल प्रत्येक चाचणीत थोडा दमतो, म्हणून ५०, १००, मग पुन्हा ५० असं करा. दोन्ही ५० चे आकडे जुळले नाहीत तर सेल उतरला आहे.

आठवा रविवार: द्राक्षाच्या सालीचा दर्शक

काळी द्राक्षं घ्या, शरद सीडलेससारखी. १०० ग्रॅम द्राक्षांच्या साली काढून, गर धुऊन टाकून, २०० मिलिलिटर कोमट पाण्यात कुस्करा आणि गाळा. गर राहिला तर त्याच्या आम्लामुळे द्रावण आधीच गुलाबी होतं. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, खायच्या चुन्याची निवळी, तुरटी यांचे पाच-पाच मिलिलिटर आणि त्यांत दर्शकाचे दहा-दहा थेंब. आम्लात लालसर, आम्लारीत निळसर ते हिरवा. शेजारी हळदीची पट्टी ठेवा: ती आम्लारीत लाल होते, पण आम्ल आणि साधं पाणी तिला सारखंच. प्रत्येक दर्शकाला सगळं दिसत नाही.

गोदावरीचं पाणी कोणीतरी आणतंच. दर्शकात ते आणि नळाचं पाणी जवळपास सारखं दिसतं. मुलं निराश होतात. घाण म्हणजे आम्ल नव्हे, हा दर्शक फक्त आम्ल-आम्लारी सांगतो, जंतू किंवा सांडपाणी सांगत नाही. हे तेव्हाच स्पष्ट करा, नाहीतर 'नदीचं पाणी स्वच्छ आहे' असं वहीत लिहिलं जाईल. नदीचं पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

नववा रविवार: कांद्याच्या पेशी

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूची पातळ साल चिमट्याने ओढा. वरचं सुकं टरफल नाही. काचपट्टीवर थेंबभर पाणी, त्यावर साल न दुमडता, एक थेंब पातळ केलेलं आयोडीन, मग आच्छादन काच एका कडेने तिरकी टेकवून हळू सोडायची. सरळ टाकली की बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे ते गोल मुलं हमखास 'पेशी' म्हणून काढतात. पेशी विटांसारख्या लांबट असतात, बुडबुडे गोल. पारदर्शक पट्टी भिंगाखाली धरून दिसणारं क्षेत्र किती मिलिमीटर आहे ते आधी मोजा, त्यात लांबीच्या दिशेने किती पेशी बसतात ते मोजा आणि भागा. कागदाच्या गठ्ठीचीच युक्ती. सूक्ष्मदर्शक कमी असतील तर कागदी फोल्डस्कोप चालतो, तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो.

दर रविवारी: सावली

सपाट गच्चीवर किंवा अंगणात १ मीटरची काठी उभी करा. ओळंब्याने तपासा, नजरेने नाही. साडेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नाशिक ७३.८ वर, म्हणून सूर्य इथे सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि ऋतूप्रमाणे त्यात आणखी थोडी मिनिटं मागेपुढे होतात. संक्रांतीच्या सुमारास पावणेएक, फेब्रुवारीच्या मध्यात १२.५० च्या जवळ.

१४ जानेवारीला आखूड सावली सुमारे ८८ सेंटिमीटर, १५ फेब्रुवारीला ६४, २१ मार्चला ३६. बारा खुणा एका आलेखावर आल्या की मुलं स्वतःच रेषा पुढे ओढतात आणि 'शून्य कधी?' विचारतात. २० मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराला. वर्ग संपलेला असला तरी त्या दिवशी सगळ्यांना परत बोलवा. जुलैमध्ये २३ तारखेच्या सुमारासही शून्य सावली येते, पण तेव्हा पावसाचे ढग असतात.

कोणाचे मामा किंवा आत्या कोल्हापूरला असतील तर एकाच रविवारी तिथेही १ मीटर काठीची आखूड सावली मोजायला सांगा. मार्चच्या विषुवदिनाला इथे ३६, तिथे ३० सेंटिमीटर. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजा: सुमारे २० आणि १६.७ अंश, फरक ३.३. नकाशावरून उत्तर-दक्षिण अंतर साधारण ३६५ किलोमीटर. त्याला ३६० ने गुणून ३.३ ने भागलं की पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटरच्या जवळ येतो. पण सावलीत १ सेंटिमीटर चुकलं की कोनात अर्ध्या अंशाची चूक, आणि उत्तर सहा-सात हजार किलोमीटरने हलतं. ही चूक किती, हे उत्तराशेजारी लिहायला लावा.

शेवटचे तीन रविवार

गटाचा स्वतःचा प्रश्न. अट एकच: उत्तर आकड्यात आलं पाहिजे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. 'माठातलं पाणी किती गार होतं' हा चांगला प्रश्न, 'प्रदूषण' हा प्रश्नच नाही. पहिल्या रविवारी प्रश्न घासून घ्या, दुसऱ्या रविवारी मापं, तिसऱ्या रविवारी पालकांसमोर आपली वही उघडून बोलायचं. थर्माकोलची मॉडेल नकोत. पालकांना आधीच सांगून ठेवा की मुलं 'आमचं काय चुकलं' हेही सांगणार आहेत, नाहीतर घरी गेल्यावर बोलणी बसतात.

सामान बांधताना सगळे सेल वेगळे काढा, पावसाळ्यात ते गळतात आणि वजनकाट्यातल्या पट्ट्या गंजवतात. सिरिंज साखरेच्या नंतर कोमट पाण्याने तीनदा धुऊन, दट्ट्या बाहेर काढून वाळवा. थर्मामीटर आडवे न ठेवता फुगा खाली करून उभे ठेवा. आडवा राहिला तर अल्कोहोलची रेषा मध्येच तुटू शकते. प्रत्येक थर्मामीटरवरची बर्फातल्या वाचनाची चिठ्ठी तशीच राहू द्या, पुढच्या जानेवारीत पुन्हा तपासून जुन्या आकड्याशी ताडून बघायची आहे.